कवडूच्या ठेल्यापर्यंतची ट्रायल

नागपूरच्या सक्करदऱ्यात लहानू मिस्त्रीला लोक ‘हँडलचा डॉक्टर’ म्हणत. हे नाव लोकांनीच दिलं असं तो सांगायचा. पण पहिल्यांदा ते त्याच्याच तोंडून निघालं होतं, हे त्याच्या बायकोला, शामलाला, चांगलं ठाऊक होतं. नाव मात्र अगदीच खोटं नव्हतं. बत्तीस वर्षं तो फक्त स्कूटर दुरुस्त करत आला होता. मोटरसायकल दारात आली की तो तिच्याकडे, चुकून आपल्या दारी आलेल्या दुसऱ्याच्या पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा आणि म्हणायचा, “मोठ्या चाकाची गाडी कोणीबी सांभाळते. लहान चाकाले अक्कल लागते.”

बोलण्यात तथ्य होतं. खड्डा आला की मोठं चाक वरच्या वर निघून जातं. स्कूटरचं छोटं चाक मात्र आत उतरून, विचारपूस करून मग वर येतं. त्यामुळे त्याची दुखणीही जास्त. कुठे रिम वाकते, कुठे फोर्क ढिला होतो, कुठे हँडलखालच्या बेअरिंगला खाचा पडतात. लहानू नुसतं हँडल डावी-उजवीकडे फिरवून रोग सांगायचा आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. बहुतेक वेळा बरोबर निघणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. उरलेल्या वेळीही तो तितक्याच जोरात बोलतो.

गाडी तयार झाली की ट्रायल. ती तो कधीच चुकवायचा नाही. दुकानातून निघायचं, दोन गतिरोधक ओलांडायचे, गल्लीच्या तोंडाशी कवडूच्या पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घ्यायचा आणि तो तोंडात टाकून त्याच दोन गतिरोधकांवरून परत यायचं. परत येईपर्यंत सुपारी मऊ आणि निदान पक्कं झालेलं असायचं.

बुधवारी सकाळी माया मेश्राम स्कूटर ढकलत दुकानात आली. बावीस वर्षांत ती पहिल्यांदाच ढकलत आली होती.

“जय भीम, ताई. ढकलत काहून आणली? पेट्रोल संपलं का?”

“जय भीम, भाऊ. पेट्रोल आहे. विकून टाका हिले.”

लहानूच्या हातातला पाना तसाच राहिला. माया धंतोलीच्या एका लॅबमध्ये होती. पहाटे उठून घरोघरी जायचं आणि लोकांचं रक्त काढून आणायचं, हे तिचं काम. स्कूटरच्या मागे तिची थंड पेटी बांधलेली असायची. ज्यांची शीर सापडता सापडत नाही अशी म्हातारी माणसं लॅबला फोन करून सांगायची, ‘मायाताईलाच पाठवा, नाहीतर कोणालाच पाठवू नका.’ ती सुई टोचते ते कळत नाही, असा तिचा लौकिक होता.

“मंग कामाले कशा जासान?”

“शनिवारी शेवटचा दिवस आहे माझा. सांगतलं मी त्याइले.” तिने चाबी गल्ल्यावर ठेवली. “तुमीच म्हणले होते नं, भाऊ. गाडी ठणठणीत आहे, हात थरथरून राहिला म्हणून.”

म्हणाला होता. लहानूला तो दिवस आठवला. एप्रिल-मे माया पवनीला होती, तिच्या मुलीच्या, पायलच्या, बाळंतपणासाठी. जूनमध्ये परतल्यावर ती तक्रार घेऊन आली की चालवताना हँडल थरथरतं. लहानूने बेअरिंग पाहिलं, फोर्क पाहिला, ट्रायल मारली. काही नाही. आठ दिवसांनी ती पुन्हा आली. पुन्हा ट्रायल, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली होती आणि डॉक्टरसाहेबांची इज्जत पणाला लागली होती. तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत तो म्हणाला होता, “ताई, नाचता येईना अंगण वाकडं. गाडी ठणठणीत आहे. हात तुमचा थरथरून राहिला.” चौघे हसले. मायाही हसली होती, असं तेव्हा त्याला वाटलं.

“मी आपलं गमतीनं म्हणलं, ताई.”

“गमतीत खरं निघते कधी कधी. माझ्या बाबाले कंपवात होता, भाऊ. त्याइचंबी पन्नाशीतच सुरू झालं होतं. पहिले कप वाजे, मंग चमचा. शेवटी माय घास भरवे.” माया हे कोरड्या आवाजात, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगत होती. “तीन आठवड्यांपासून सुई नाही धरली मी. काउंटरवर बसून पाकिटं देऊन राहिली. उद्या कोणाच्या हातात चुकीची सुई घुसली तर?”

“डॉक्टरले दाखवलं का?”

“धंतोलीत दर दहा पावलावर डॉक्टर आहे. तेवढी दहा पावलंच टाकवत नाही.”

ती गेली. लहानूला दिवसभर कशात गोडी वाटली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा आपला जुना रोग आहे हे तो जाणून होता. आपलं निदान चुकलं असेल, ही शंका मात्र त्याला अजूनही शिवली नव्हती. त्याला वाईट वाटत होतं ते खरं बोलल्याचं. बिचारीला जरा सांभाळून सांगायला हवं होतं, एवढंच.

गुरुवारी शामलाने ती स्कूटर पाहिली आणि तिचे डोळे चमकले. एका मिस्त्रीची बायको असून ती वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या गाड्यांवर भाजी आणत होती.

“हे मले घेऊन द्या,” ती म्हणाली.

“मायाताईची आहे थे.”

“विकायलेच ठेवली नं? मी काय फुकट मागून राहिली का? चालवून पाहते जराशी.”

नवऱ्याचं उत्तर यायच्या आत ती निघालीसुद्धा. बाजारात जाऊन तलावाला वळसा घालून पाऊण तासाने परत आली, तेव्हा पिशवीत मेथी होती आणि कपाळावर आठ्या.

“नाही पाहिजे मले. हिचं हँडल थरथरते.”

लहानू खो खो हसला. “तुलेबी झालं का? सक्करदऱ्यात साथ आली वाटते हाताची!”

हे बोलायला नको होतं. शामला अंगाने काडी, पण तिचा आवाज शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत सहज जायचा, मशीन चालू असली तरी. “माझा हात थरथरते? या हातानं तीस वर्षं तुमच्या ताटात तव्यावरची पोळी टाकली, कधी ताटाबाहेर पडली? सुईत दोरा कोण ओवते घरात? तुमी की मी? चला, बसा मागे!”

“कोण, मी?”

“नाही तर काय वेल्डिंगवाल्याले बसवू? बसा म्हणते नं!”

लहानूचं वजन शहाण्णव किलो. उभ्या आयुष्यात तो कोणाच्या मागे बसला नव्हता. गाडी नेहमी त्यानेच चालवायची, असा दुनियेचा नियम आहे असं त्याला वाटायचं. तो बसला तशी स्कूटरची शेपूट खाली गेली आणि तोंड वर आलं. वेल्डिंगवाल्याने चष्मा कपाळावर चढवून हे दृश्य पाहिलं. कवडूने ठेल्यावरून हाक मारली, “लहानूभाऊ, खर्रा घोटू का?” आणि बत्तीस वर्षांत प्रथमच लहानूची ट्रायल ठेल्याशी न थांबता पुढे गेली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर शामलाने वेग वाढवला. तीस. पस्तीस. लहानू तिच्या खांद्यावरून पुढे बघत होता. चाळीसच्या पुढे काटा गेला. मग समोर सायकलवाला दिसला म्हणून तिने ॲक्सिलरेटर सोडला, आणि वेग उतरता उतरता ते सुरू झालं. चाळणीने पीठ चाळावं तसं हँडल डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे.

“दिसलं?” शामला ओरडली.

दिसलं. आणखी एक गोष्टही दिसली. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंतचा हात अगदी शांत होता. थरथर खालून येत होती, चाकातून फोर्कमध्ये, फोर्कमधून हँडलमध्ये, आणि मग तिच्या तळव्यांत.

“मूठ जराशी ढिली कर वं!”

“ढिली करू? मरायचं आहे का तुमाले?”

“कर थोडीशी! नुसती बोटं ठेव!”

तिने ढिली केली. हँडल असं काही नाचलं की लहानूने डोळे मिटून बायकोची कंबर धरली, भर रस्त्यात, भर दुपारी. मागून आलेल्या ऑटोवाल्याने हॉर्न वाजवून त्यांचं अभिनंदन केलं. वेग पंचविसाच्या खाली आला तसं सारं शांत झालं, जणू काही झालंच नव्हतं.

“थांब,” लहानू म्हणाला. “बाजूले घे.”

तो उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसला. आता सगळं त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं, की आपण इतकी वर्षं काय बघत होतो याचीच त्याला लाज वाटली. त्याच्या गल्लीत दोन गतिरोधक. पंचविसाच्या वर गाडी तिथे जाणारच नाही. हा रोग तर चाळीसच्या वेगाला उठणारा. त्यात चालवणारा शहाण्णव किलोचा गडी, पान्यांवर पोसलेल्या मुठी. हँडल थरथरायला निघालं तरी त्याच्या हातात गुदमरून जायचं. मायाचं वजन शामलाएवढंच असेल. वर मागे पेटी, म्हणजे पुढचं चाक आणखी हलकं. ती बिचारी तीनदा येऊन खरं सांगत होती आणि हा शहाणा तीनदा खर्रा खाऊन आला होता.

“अंगणच वाकडं होतं, शामले,” तो म्हणाला.

“कोणाचं अंगण?”

“माझंच. चाल घरी. परवा शनिवार आहे.”

दुपारचं जेवण झालं नाही. लहानूने गाडीखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक उचललं. आधी हँडल सोडून पाहिलं. ते सहज फिरलं, कुठे अडलं नाही. फोर्क धरून मागेपुढे हिसके दिले, ढिला नाही. रिमजवळ खडू धरून चाक फिरवलं. सगळीकडून सारखी रेघ उमटली, म्हणजे रिमही वाकलेली नाही. मग त्याने चाक काढलं आणि माळ्यावरून एक जुनं घोडं खाली घेतलं. फळीवर ठोकलेले लोखंडाचे दोन उभे तुकडे, त्यांच्या खाचेत चाकाचा आस ठेवायचा आणि चाक मोकळं सोडायचं. वजन सगळीकडे सारखं असेल तर चाक कुठेही थांबतं. कुठे जास्त असेल तर ती बाजू खाली येते. सोपी गोष्ट. पण वेळ जातो म्हणून कित्येक वर्षांत त्याने ते घोडं काढलंच नव्हतं.

चाक फिरलं, हेलकावलं आणि थांबलं. त्याने खालच्या बाजूला खडूने खूण केली. पुन्हा फिरवलं. खूण खाली. पुन्हा. खूण खालीच.

“पाह्य,” तो शामलाला म्हणाला. ती ताट झाकून दारात येऊन उभी होती.

डाख द्यायच्या सोल्डरच्या तारेचे पाच-पाच ग्रॅमचे तुकडे करून त्याने वरच्या बाजूला चिकटवायला सुरुवात केली. एवढ्याशा चाकाला दोन, फार तर तीन तुकडे पुरतात. तीन झाले, खूण खाली. सहा झाले, खूण खाली. दहा झाले तसं त्याने तुकडे लावणं सोडून दिलं आणि टायर उचकटला.

आत टायरच्या एकाच बाजूला पिवळट-हिरवा थर बसला होता, दूध करपून पातेल्याला लागावं तसा. लहानूने तो ओळखला. पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये घालायचं औषध होतं ते. फेब्रुवारीत त्यानेच घातलं होतं. ताई पहाटे एकटी फिरते, वाटेत कुठे अडकायला नको, म्हणून मोठ्या मायेने एका बाटलीऐवजी दोन बाटल्या ओतल्या होत्या आणि पैसेही घेतले नव्हते. मग माया पवनीला गेली. टिनाच्या शेडखाली, नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, दोन महिने गाडी एका जागी उभी. औषध सगळं तळाशी जमा झालं आणि भट्टीत घातल्यासारखं जागच्या जागी वाळलं.

“मीच केलं हे,” लहानू म्हणाला.

शामलाच्या जिभेवर बरंच काही आलं असणार. पण तिने त्याचा चेहरा पाहिला, आत गेली आणि स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन आली. “याच्यानं खरडा. पोळीचं नाही, जुनं आहे.”

दोघांनी मिळून ते खरडलं. टायर धुतला, वाळवला, पुन्हा चढवला. आता दोनच तुकड्यांत चाक असं शहाणं झालं की सोडावं तिथे थांबू लागलं. शुक्रवारी शामलाने पुन्हा गाडी काढली, लहानू पुन्हा मागे बसला, आणि चाळीसवरून उतरताना तिने मूठ ढिली केली. हँडल सुतासारखं सरळ राहिलं. आनंदाच्या भरात लहानूने तिला अजून दोन फेऱ्या मारायला लावल्या. मागे बसून तलाव इतका छान दिसतो, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दोघं त्याच स्कूटरवरून धंतोलीला निघाले. चूक दुरुस्त करणं वेगळं आणि ती तोंडाने सांगणं वेगळं.

लॅबमध्ये निरोपाची तयारी होती. टेबलावर समोसे, एक हार, आणि लॅब सांभाळणारा प्रीतम भाषणाचा कागद घेऊन उभा. माया काउंटरमागे रिपोर्टची पाकिटं लावत होती. लहानूला पाहून ती उठली. “गिऱ्हाईक मिळालं का, भाऊ?”

“गाडी विकायची नाही, ताई.” लहानूने आजूबाजूला पाहिलं. सात-आठ माणसं होती. सक्करदऱ्यात हसणारे चौघं होते. तेव्हा सात-आठजणांसमोर सांगणं भागच होतं. “हात तुमचा नाही थरथरत. हँडल थरथरत होतं. दोष चाकात होता, आणि चाकातला दोष माझा होता. मी चुकलो. तीनदा चुकलो.” आणि मग त्याने औषध, टिनाचं शेड, कवडूचा ठेला, सगळं सांगून टाकलं, मध्ये श्वास न घेता.

माया ऐकत राहिली. मग तिने आपले हात पुढे धरले. बोटांची टोकं हलत होती. “मंग हे काय आहे, भाऊ? कप धरला की थरथरते. मी पाहत राहते नं रोज.”

“पाहत राहते म्हणूनच थरथरते,” शामला म्हणाली. “माझ्या हाताकडे दिवसभर कोणी टक लावून पाहिलं तर माझाबी थरथरन.”

लहानूने खुर्ची ओढली, तिच्यावर बसला आणि शर्टाची बाही वर सरकवली. सुईच्या नुसत्या विचाराने त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“काढा रक्त,” तो म्हणाला.

“भाऊ, नको.”

“चुकलं तर चुकलं. दहा वेळा टोचा. तेवढा हक्क आहे तुमचा.”

“शुगर पाहून घ्या त्याइची,” शामला म्हणाली. “कव्हाची मागे लागली मी.”

मायाने हातमोजे चढवले. लहानूने पाहिलं, चढवताना तिची बोटं खरंच थरथरत होती. तिने दंडाला रबर बांधलं. अंगठ्याने शीर चाचपली. त्याने डोळे घट्ट मिटले, दात आवळले आणि वाट पाहू लागला. वाट पाहिली, आणखी वाट पाहिली.

“टोचा नं, ताई. काहून थांबल्या? मी तयार आहे.”

त्याने एक डोळा उघडला. दंडावरचं रबर निघालेलं होतं. कोपरात कापसाचा बोळा होता आणि तो मायाने अंगठ्याने दाबून धरला होता. तिच्या दुसऱ्या हातात भरलेली नळी होती, आणि ती नळीकडे नाही, नळी धरलेल्या आपल्या बोटांकडे बघत होती. बोटं स्थिर होती.

“झालं, भाऊ,” ती म्हणाली. “कव्हाचंच झालं.” आणि तिचे डोळे भरून आले, आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदमच.

प्रीतमने भाषणाचा कागद हळूच घडी करून खिशात टाकला. “मायाताई, सुभेदार लेआउटच्या आजी सकाळपासून उपाशी बसल्या आहेत. आपल्या दुसऱ्या पोराले त्याइनं दारातून परत पाठवलं. दोनदा टोचलं म्हणे त्यानं. काय सांगू त्याइले?”

मायाने लहानूचा अंगठा उचलून कापसावर ठेवला आणि म्हणाली, “दाबून धरा, पाच मिनिटं.” मग तिने हातमोजे उतरवले, कपाटावरची थंड पेटी खाली काढली आणि त्याच्यापुढे तळवा पसरला.

“चाबी द्या, भाऊ. अन् आजीले सांग प्रीतम, वीस मिनिटात येऊन राहिली म्हणून.”